मागच्या सीटवरचा आवाज

गिरीशचा फोन आला तेव्हा मी जालन्याच्या घरी गच्चीवरचे पापड गोळा करत होते. "आत्या, पप्पा गेले," एवढंच तो म्हणाला. बाळू माझ्या पाठचा. पाठच्यानं आधी जायचं नसतं, पण बाळूनं जन्मात कधी रांग पाळली नाही, तर इथं कुठून पाळणार? मी विचारलं, "नाना कुठंय?" गिरीश म्हणाला, "काका इथंच आहेत, पप्पांच्या उशाशी. उठायला तयार नाहीत." फोन ठेवला आणि मला रडू फुटलं. ते बाळूसाठी होतंच, पण त्यात कुठंतरी सुटल्यासारखंही वाटत होतं... कारण एक काळ असा होता की या दोन भावांतला एक गेला असता, तर दुसरा खांदा द्यायला जिना उतरून आला असता की नाही, याची मला खात्री नव्हती. आता महिना होऊन गेला. बाळूबद्दल चार शब्द लिहायचे म्हणून बसले, तर आधी त्याच्या गाडीबद्दलच लिहावं लागतंय.

पोलीस ॲक्शननंतर आमच्या शेंद्रा गावाजवळच्या शहरातली बरीच बडी माणसं सामानसुमान विकून हैदराबादेकडे निघून गेली. त्यातल्याच एका साहेबाची काळी विलायती मोटार आमच्या वडिलांनी घेतली. शेंद्र्याचा मोसंबीवाला शेतकरी, धोतर-टोपीत, आणि बुडाखाली मोटार! गाव पोट धरून हसलं. गाडी दिसायला राणी होती, आतून मात्र पिठाची गिरणी. इंजिनाची घरघर पत्र्यातून थेट डोक्यात शिरायची, आणि उन्हाळ्यात पायाखालचा पत्रा असा तापायचा की अनवाणी पाय टेकवायची सोय नसे. वडील गेल्यावर ती बाळूकडे आली. नाना आमच्यात थोरला, शाळेत हेडमास्तर. त्याला गाडी चालवता येत नव्हती आणि शिकायचीही नव्हती. बाळू सरकारी कचेरीत कारकून. दोघांनी मिळून शहरात घर बांधलं, खाली बाळू आणि वर नाना. आई मात्र शेंद्रा सोडून यायला तयार नव्हती. मोसंबीला पाणी कोण देईल, म्हणायची.

वैशाखातल्या एका दुपारी तिच्या छातीत कळ आली. बाळू नेमका त्या दिवशी शेतावर होता. त्यानं तिला मागच्या सीटवर आडवं केलं, पाण्याचा तांब्या सांडू नये म्हणून स्वतःच्या शेजारी ठेवला आणि गाडी छावणीतल्या दवाखान्याकडे पिटाळली. गावातून कुणीतरी शाळेत फोन केला होता, त्यामुळे नाना आधीच दवाखान्याच्या दारात उभा होता. मीही धावत पोचले होते, बाळंतपणासाठी शहरात भावांकडं आले होते म्हणून. दार उघडलं, तेव्हा आई गेलेली होती. ओठ कोरडे पडलेले, तोंड उघडं. नानानं तिच्याकडं बघितलं, मग पुढच्या सीटवरच्या तांब्याकडं. तो भरलेलाच होता.

"तिनं पाणी मागितलं नाय का?" नानानं विचारलं.

"मला काय ऐकू नाय आलं, नाना."

"हातभर अंतरावर माय तहानेनं गेली, अन् तुला ऐकू नाय आलं?"

आईनं पाणी मागितलं होतं की नाही, हे कुणालाच माहीत नाही. कदाचित शेंद्र्याची वेस ओलांडतानाच ती गेली असेल. तिचा आवाज मुळात बारीक, देवळातही आरतीच्या वेळी नुसते ओठ हलवणारी बाई. पण नानाचं वाक्य बाळूच्या काळजात जे रुतलं ते रुतलंच. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद झालं. एका घरात, एका नळाचं पाणी पिऊन, वर्षानुवर्षं. नाना जिना उतरायला लागला की बाळू आत जायचा. भाऊबीजेला मी ओवाळणीचं ताट घेऊन आधी खाली बसायची, मग तेच ताट घेऊन वर, निरांजन पदरानं सांभाळत. दोघंही विचारायचे, "त्यानं जेवण केलं का?" मी सांगायची, "जाऊन विचार की, तोंड नाय का तुला?" त्या घरात गेलं की साधं भांडं पडलं तरी वाटायचं, आता काहीतरी होणार.

मग एका उन्हाळ्यात बाळूनं गाडीचं आतलं सगळं उचकटून काढलं. लता, त्याची बायको, मला म्हणाली, "वन्सं, ह्यांना येड लागलंय. म्हणतात, गाडी गार करायची अन् गप्प करायची." गच्ची गळू नये म्हणून अंथरतात ती डांबरी शीटं त्यानं टपाला आतून चिकटवली. आवाज खरंच कमी झाला, आणि स्वारी खूश झाली. पण आपल्याकडचं ऊन गच्चीच्या डांबराला सोडत नाही, ते गाडीच्या टपाला काय सोडणार? मे महिन्यात डांबर पाघळलं, आणि लताच्या लग्नातल्या शालूवर काळे ठिपके पडले. लता आठ दिवस त्याला नुसती भाकरी आणि ठेचा वाढत होती. पुढं त्यानं जुन्या रजयांचा कापूस काढून दारांत ठासला, तर त्यात उंदरांनी संसार थाटला. प्रत्येक वेळी काम झालं की तो गजराचं घड्याळ शालीत गुंडाळून मागच्या सीटवर ठेवायचा आणि गाडी हर्सूलच्या तलावापर्यंत नेऊन आणायचा, गजर ऐकू येतो का बघायला. घरातले हसायचे, मीही हसले. मग एकदा तो घड्याळ ठेवत असताना मी पाहिलं. सीटच्या मधोमध नाही, उजव्या कडेला, जिथं आईचं डोकं होतं तिथं. मी म्हटलं, "बाळू, हे आईसाठी चाललंय व्हय?" तो म्हणाला, "ताई, तेवढी कात्री दे." मी कात्री दिली आणि आत जाऊन तोंड धुतलं.

आईच्या तिथीला आम्ही तिघं शेतावर जायचो. वर्षातला तेवढा एकच दिवस दोघे भाऊ एका पंगतीला बसायचे. नाना एसटीनं यायचा, गाडीत बसायचा नाही. त्या वर्षी बाळूनं उंदरांना कंटाळून गाडी पार पत्र्यापर्यंत खरवडली होती. छावणीत टांग्याच्या घोड्यांची खोगिरं करणाऱ्याकडून लोकर दाबून केलेला जाड नमदा आणायचा होता, पण तो तयार व्हायला वेळ होता. तशीच उघडीनागडी गाडी घेऊन तो आला. स्वयंपाकासाठी मी सरपण उचललं आणि बोटाला विंचू चावला. लाल, बारका. असल्या विंचवानं माणसं गेलेली आम्ही पाहिली होती. थोड्याच वेळात मला दरदरून घाम सुटला, उलटी झाली, हातपाय गार पडले. एसटीला अवकाश होता. नानानं मला उचललं, त्या मागच्या सीटवर ठेवलं, क्षणभर तसाच उभा राहिला... आणि पुढं बाळूशेजारी जाऊन बसला. पाण्याची घागर त्यानं पायाशी धरली.

असला आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. खाली पत्रा, वर पत्रा, सगळा मिळून ताशा वाजत होता. वैशाखाचं ऊन टपातून उतरत होतं, आणि मी गारठून थरथरत होते. जीभ टाळूला चिकटली. मी म्हटलं, "पाणी." कुणी वळलं नाही. मी "नाना" म्हणून ओरडले, निदान मला तरी ते ओरडणं वाटलं. त्याची मान हातभर अंतरावर होती. मानेवरचा घाम दिसत होता. "नाना... बाळू..." बाळू रस्त्यावर डोळे लावून होता, दात आवळून. मला स्पष्ट कळलं की मी आता अशीच जाणार, आणि ह्या दोघांना दवाखान्याच्या दारात कळणार. मला मरणाची भीती वाटली, आणि त्याहून जास्त भीती वाटली ती त्यानंतर ह्या दोघांचं काय होईल याची.

चिकलठाण्याच्या अलीकडं नानानं सहज मागं पाहिलं. माझे ओठ हलत होते. त्यानं कानामागं हात धरला, तोही काहीतरी बोलला, मला ऐकू आलं नाही. मी पुन्हा ओठ हलवले. नाना माझ्याकडं बघत राहिला, आणि त्याचा चेहरा उतरत गेला. मग त्यानं बाळूच्या दंडाला हात लावला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. बाळूनं गाडी रस्त्याच्या कडेला घेऊन इंजिन बंद केलं. नाना मागं आला, माझं डोकं मांडीवर घेतलं, ओंजळीनं पाणी पाजलं. अर्धं पाणी माझ्या गळ्यावर सांडलं.

"बाळू," तो म्हणाला, "मला बी नाय आलं रे ऐकू."

बाळूनं मागं पाहिलं नाही. दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरून तो म्हणाला, "पाणी पाज तिला. पुढं जायचंय."

मी वाचले. दवाखान्यात डॉक्टर आत-बाहेर करत होते, आणि हे दोघे व्हरांड्यातल्या एका बाकावर बसून होते, मध्ये एका माणसाची जागा सोडून. माफी वगैरे कुणी मागितली नाही, आमच्याकडं ती पद्धत नाही. पण पुढच्या रविवारी नाना जुनं धोतर नेसून खाली आला आणि म्हणाला, "तो नमदा कुठंय? आण इकडं." मग काय विचारता! सरस पातळ झाला, तू तिरका कापलास, हेडमास्तरला काय कळतंय त्यातलं... वर्षानुवर्षांचं साचलेलं बोलणं दोघांनी भांडूनच वसूल केलं. पेडल आणि वायरी ज्या भोकांतून आत येतात तिथूनच निम्मा आवाज शिरतो, हे त्यांना उशिरा कळलं. मग अंधारासाठी शेडचं दार लावून नाना गाडीत बॅटरी धरून बसायचा आणि बाळू बाहेरून उजेड शोधत एकेक भोक बुजवायचा. लता वरच्या मजल्यावर चहा पाठवायला लागली, कारण दोघे तिथं जाऊनही वाद घालायचे.

बाळूला एक गोष्ट करता आली असती. हट्टानं एकदा नानाला त्या गाडीत बसवून तो म्हणू शकला असता, बघ, तुला येतंय का ऐकू? त्यानं ते कधीच केलं नाही. निर्दोष सुटायचं सोडून तो गाडीच गप्प करत बसला. मला त्याचा राग यायचा, आणि आता त्याच गोष्टीसाठी तो इतका आठवतो की घास उतरत नाही.

परवा गिरीशनं ती गाडी काढली. बाळूची थोडी राख मोसंबीच्या बुडाशी टाकायची होती. शेंद्र्याकडं आता कारखाने झालेत, रस्ता गुळगुळीत आहे, आणि आत बसलं की शेजारचा ट्रकही लांबून गेल्यासारखा वाटतो. मी मागं बसले होते. पुढं गिरीशशेजारी नाना. नाना आता नव्वदीकडं झुकलाय आणि गेल्या काही वर्षांत त्याचे कान पार गेले आहेत, कानाचं यंत्र कपाटात पडून असतं. गाडी निघाली तसा तो सीटवर तिरका झाला आणि तोंड मागं करून माझ्याकडं बघत बसला. चिकलठाणा मागं पडलं तरी तसाच. मी हातानं खूण केली, ओठ मोठे हलवून म्हटलं, "नाना, पुढं बघ की. मान धरंल."

"पुढं गिरीश बघतोय," तो म्हणाला. "मला आता ऐकू येत नाय, सुमे. मला बघतच बसावं लागतं."