समसंख्यांची बाजू

आमच्या चौथ्या पेपरला कार्डं येऊ लागली तेव्हा मला नुसता आनंद व्हायला हवा होता. पहिली दोन-तीन आली तेव्हा झालाही. परदेशातल्या गणितज्ञांची छापील कार्डं, पेपरची प्रत पाठवा म्हणणारी. रत्नागिरीच्या कॉलेजात बसून नंबर थिअरी करणाऱ्या आम्हा दोघांना कोण विचारत होतं? दोघं म्हणजे मी आणि माझे विभागप्रमुख. त्यांच्याकडेच शिकले आणि त्यांच्याच हाताखाली लेक्चरर झाले. सर ती कार्डं टेबलाच्या काचेखाली सरकवून ठेवत. मे महिन्यात मुद्दाम मुंबईला गेले, लायब्ररीतले उल्लेखसूचीचे जाडजूड खंड भिंग लावून चाळले आणि आमचा उल्लेख कुणी कुणी केलाय ते उतरवून आणलं.

"सात झाले गो!" म्हणाले. आधीच्या तीन पेपरांना मिळून एकही नव्हता.

त्या पेपरातल्या मुख्य सिद्धतेचे दोन भाग होते. विषम संख्यांचा भाग सरांनी काढला, टाइप मी केला. चिन्हं टाइपरायटरवर नसत, ती मागाहून शाईने भरायची. मान मोडून जायची नुसती. समसंख्यांपर्यंत आले आणि मला कंटाळा आला. मी लिहून टाकलं, 'उरलेला भाग याच रीतीने सिद्ध होतो.' आमच्यात हे वाक्य सगळेच लिहितात. सरांनी वाचलं, मान डोलावली, पेपर गेला.

दिवाळीच्या सुमारास नागपूरहून एका मुलीचं पत्र आलं. पीएच.डी. करत होती. प्रबंधाचं तिसरं प्रकरण आमच्या त्या सिद्धतेवर उभं होतं. अक्षर इतकं नीटस की बघत राहावं. शेवटी एक विनंती होती : समसंख्यांची बाजू जरा विस्ताराने लिहून पाठवाल का?

सर खुलले. "बघ, लोक आपल्यावर प्रबंध लिहितायत!"

मी लिहायला बसले. दुपारभर बसले. दुसऱ्या दिवशीही बसले. समसंख्या काही केल्या त्या रीतीत बसेनात. तिसऱ्या दिवशी एक संख्या घालून पाहिली आणि उत्तर साफ चुकलं. काचेखालची कार्डं मला तेव्हापासून बघवेनात, आणि ती येतच होती.

सरांना सांगितलं. ते बराच वेळ माझा कागद उलटासुलटा करत राहिले. मग हळूच म्हणाले, "मार्चला मी रिटायर होतोय. तोवर थांब गो. मग काय ती दुरुस्ती छापू."

"आणि ती मुलगी?"

"तिला तसंच लिही. करून बघेल ती."

मी भांडायला हवं होतं. भांडणात मी कुणाला हरणारी नव्हे, सगळ्या स्टाफरूमला ठाऊक होतं. पण खरं सांगते, मला सुटल्यासारखं वाटलं. आळस माझा होता ना! मी तिला लिहिलं : 'याच रीतीने करून पाहा, जमेल.' चूक आहे हे ठाऊक असताना लिहिलं.

मार्चमध्ये सरांचा निरोप समारंभ झाला. भाषणात प्राचार्यांनी ते सात उल्लेख मोजून दाखवले. मी खाली बघत बसले.

तरी तिला खरं कळवायला मी जून उजाडू दिला. उत्तर येईना. जुलैत चिपळुणात पाणी भरलं, टपाल अडकलं, आणि मला मेलीला तेही बरंच वाटलं.

पत्र आलं ते ऑगस्टात. तेच नीटस अक्षर.

'तुम्ही जमेल म्हणालात, म्हणून पाच महिने करून पाहिलं. दर वेळी उत्तर चुकत होतं. तुमचं छापून आलेलं, तेव्हा चूक माझीच असणार असं धरून चालले. माझ्या गाइडनाही तसंच वाटलं. एवढं साधं जमत नाही तर उगाच कशाला, म्हणून एप्रिलमध्ये मी नाव काढून घेतलं. आता शाळेत शिकवते. कळवलंत, आभारी आहे.'

सोबत तिची पानं होती, बावीस. चूक तिला पहिल्याच पानावर सापडली होती. पुढच्या एकवीस पानांवर ती स्वतःचं काय चुकतंय ते शोधत होती.

ज्या सात जणांनी आमचा उल्लेख केला, त्यांच्यातला एकही समसंख्यांपाशी अडला नव्हता. पेपर वाचला तो तिने एकटीने.