पायलट आबा आणि ट्रिमचं चाक

आमच्या गावात सैन्यातून पेन्शनीला आलेला माणूस एसटीतून उतरेपर्यंत एक हुद्दा वर चढलेला असतो. तिकडे स्वयंपाक केलेला गडी इथे कमांडो होतो आणि ट्रक चालवलेला रणगाडा चालवू लागतो. माझे सासरे, आबा, हवाई दलातून आले म्हणून पायलट झाले. कुंडलच्या आसपास पन्नास वर्षं ते पायलटच आहेत. खरं काय ते मला लग्नानंतर वीस वर्षांनी कळलं, तेही नवऱ्याच्या खुळापायी.

आमचे हे साखर कारखान्यात केमिस्ट. पन्नाशीत कुणाला देवधर्म सुचतो, ह्यांना कॉम्प्युटरवरचं विमान सुचलं. मोठा पडदा आला, टेबलाला आवळलेली दांडी आली, शेजारी बटणं आणि एक छोटं चाक. कामावरून आले की बूटसुद्धा न काढता हे महायुद्धातलं लढाऊ विमान घेऊन शत्रूवर तुटून पडायचे आणि जेवायला बसले की उजवा खांदा धरून विव्हळायचे. बाम मी चोळायचा. "शत्रूनं तरी एकदा नेम धरावा," असं मी म्हणाले, तर दोन दिवस बोलले नाहीत. बरे गेले ते दोन दिवस.

एका रविवारी आबा दारात उभे राहून बघत होते. न राहवून म्हणाले, "दांडी सारखी काय दाबून धरतोयस रं? ट्रिम कर की."

"आबा, लढाईत ट्रिम करायला वेळ कुणाला असतो?" हे म्हणाले. त्या ट्रिमच्या चाकाला ह्यांनी चष्म्याची दोरी अडकवली होती.

सोमवारी हे कामावर गेले. मला शाळेला सुट्टी होती. आबांनी हाक मारली, "पोरी, चालू कर ते." मग त्यांनी मला ट्रिम समजावलं. उसाची ट्रॉली एका अंगाला जास्त भरली की ट्रॅक्टर ओढत राहतो आणि स्टेअरिंग दाबून धरावं लागतं, तसंच विमानाचं. वेग वाढला की नाक वर येतं, मग दांडी पुढे रेटून धरायची. शेपटीच्या कडेला एक छोटी पट्टी असते. चाक फिरवलं की ती वळते, तो जोर स्वतःवर घेते आणि पायलटचा हात मोकळा होतो. काही पट्ट्या तर जमिनीवरच हातानं वाकवायच्या असत.

"पायलट उतरला की म्हणायचा, डावीकडं ओढतंय. मग आमी ती केसभर वाकवायची. पुन्ना उडून आला आन् काय बी बोलला न्हाई, की समजायचं जमलं."

"आणि तुम्ही उडायचा तेव्हा?"

"मी कवा उडलोय?" आबा म्हणाले. "फिटर हुतो मी."

मी विज्ञान शिकवते. पुराव्याशिवाय काही मानू नका, असं पोरांना रोज सांगते. वीस वर्षं घरात पायलट मानून बसले होते.

मग आबांनी दांडी धरली, चाक फिरवलं आणि विमान सरळ समुद्रात घातलं. पुन्हा घातलं. खऱ्या विमानात हात आहे तिथेच राहतो आणि त्याच्यावरचं वजन जातं. ह्या दांडीत स्प्रिंग. चाक फिरवता फिरवता हात हळूहळू मधे आणावा लागतो, नाहीतर वजन जातच नाही. आबा ते जायची वाट बघत बसले होते.

"पायलट सांगायचे, एकदम हात हलका हुतो," ते म्हणाले. "म्हटलं, बघावं एकदा तरी." मला फार वाईट वाटलं.

त्यांनी हट्ट सोडला नाही. ह्यांच्या नकळत रोज शाळा सुटल्यावर मी त्यांना बसवायचे आणि आठवड्यात आबांचं विमान दोन्ही हात सोडून सरळ चालू लागलं. तेवढ्यात तरुण मंडळ दारात आलं. पंधरा ऑगस्टला माजी सैनिकांचा सत्कार, ह्यांचं यंत्र देवळासमोर मांडायचं आणि उद्घाटनाला पायलट आबांनी विमान उडवायचं.

मंडळी गेल्यावर आबा म्हणाले, "त्या दिवशी खरं सांगून टाकणार हाय. फिटर म्हणून मरायचंय मला. पन माझं कोन ऐकायचं न्हाई. तू बोलशील न्हवं?"

"बोलेन," मी म्हणाले.

पंधरा ऑगस्टला फेटा, शाल, नारळ झालं. आबा बसले, वेग घेतला, चाक फिरवलं आणि दोन्ही हात वर केले. विमान सुतासारखं सरळ. शिट्ट्या, टाळ्या. मग त्यांनी माईक मागितला.

"मी पायलट न्हवतो. फिटर हुतो. कवाच उडलो न्हाई."

मग सरपंचांनीच टाळी वाजवली. "बघा, एवढा मोठा माणूस, आन् किती साधा! ह्येला म्हनत्यात नम्रपणा!" मंडप उभा राहिला. आबा ओरडत होते, "आवं, खरं सांगतुय!" जितके ओरडत होते तितके नम्र ठरत होते. शेवटी त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "सुनंला इचारा!"

माईक माझ्या हातात आला. मी पहिल्या रांगेत होते. हळदीकुंकवालाही मी पहिल्याच रांगेत असते. माझी बदली एकदा रद्द झाली होती, तीही पायलटांची सून म्हणून. सगळं गाव माझ्याकडे बघत होतं आणि आबाही.

"होते," मी म्हणाले. "पायलटच होते."

आबांपेक्षा मला जास्त टाळ्या पडल्या.