गच्चीसाठी आठवी सही

उदगीर जिल्हा होणार अशी आवई उठली की जागेचे भाव चढत. २०१६ च्या दुष्काळात प्यायला पाणी नव्हतं, तरीही चढले. आठ फ्लॅटच्या एका तीन मजली इमारतीत बिल्डर शिवप्पाचा कागद आला: गच्चीवर बांधायचा हक्क द्या, वर दोन मजले चढवतो, त्यातला एक फ्लॅट सोसायटीचा, भाडं वाटून घ्या. सह्या होईस्तोवर तो रोज एक टँकर फुकट पाठवू लागला. सात जणांनी सह्या ठोकल्या. राहिले तळमजल्यावरचे व्यंकटी मिस्त्री. याच इमारतीचे कॉलम त्यांनी भरले होते. सळई बारा एमएमची, तीन मजल्यांपुरती.

चेअरमन किशनराव मास्तर कागद घेऊन आले. "मिस्त्री, गच्ची रिकामी पडून हाय. तुमचं काय जातंय?"

"तुमी वर राहता मास्तर. समदं माझ्या उरावर येणार हाय. मजल्यांऐवजी गच्चीवर जाहिरातीचा बोर्ड लावा, आत्ता सही करतो."

"बोर्डाचं भाडं तुमच्या बिडीलाबी पुरायचं न्हाई."

"त्यांनी बिडी कवाच सोडली," आतून मिस्त्रींच्या पत्नी सुमनबाई म्हणाल्या. "तुमच्या तंबाखूला पुरतंय का बघा."

मास्तर चिडले. "शिवप्पाकडं इंजिनेरचा दाखला हाय. तुमी काय इंजिनेर लागून गेलात?"

मिस्त्रींचा पारा चढला. "त्यो इंजिनेर कवा आला होता इथं? एका तरी कॉलमला हात लावला का त्यानं? किल्लारीकडं आमच्या घराला माळवद होतं, मातीचं छत. गळाया लागलं की बाप म्हणायचा, टाक अजून चार पाट्या पांढरी माती. हरसाल टाकायचो. जुनी कुणी काढली न्हाई. त्र्याण्णवच्या भूकंपात त्याच मातीखालून बापाला उपसून काढला. मीच टाकलेली माती, मास्तर!"

मास्तरांनी कागद पुढं सरकवला. मग म्हणाले, "सही न्हाई तर उद्यापासून टँकर न्हाई. सात घरं तहानलेली ठेवणार तुमी?"

मिस्त्रींनी सुमनबाईंकडं पाहिलं. घरात एकच घागर भरलेली होती. "लिवा," त्या म्हणाल्या.

मिस्त्रींनी आठव्या जागी लिहिलं: 'कॉलम तीन मजल्यांचे. वर बांधायला माझी हरकत.' खाली सही.

सकाळी टँकर आला नाही. जिन्यात शेजाऱ्यांनी तोंडं फिरवली. मिस्त्रींनी त्या कागदाची झेरॉक्स खिशात घातली, सायकलला दोन घागरी अडकवल्या आणि पाण्याच्या आधी हरकत नोंदवायला नगरपालिकेकडे निघाले.