वाळूच्या जुव्यावरून हाक

आमच्या खाडीत दोन जुवे. जुवा म्हणजे खाडीतलं बेट. मोठ्या जुव्यावर आमची वस्ती, माडाच्या बागा आणि एक देऊळ. धाकटा जुवा तोंडवलीच्या बाजूला, खाडी जिथे समुद्राला मिळते त्या तोंडाशी. त्याला सगळे वाळूचा जुवाच म्हणत. तिथे कुणी राहत नसे. खाडीकडच्या अंगाला सुरूची झाडं, समुद्राकडच्या अंगाला पांढरी वाळू, आणि मधल्या झुडपांत पावसाळ्यात वाहून आलेली अनोळखी मढी पुरलेली. ती जागा कुणी बोटानेही दाखवत नसे.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. पूल नव्हता. कुठेही जायचं तर होडी, आणि होडी म्हणजे मामा. माझ्या आईचा थोरला भाऊ आमच्या जुव्याचा तारी होता. आईचं माहेर आणि सासर एकाच जुव्यावर, मध्ये फक्त चिऱ्यांचा एक गडगा, म्हणजे बुटकी दगडी भिंत. त्या गडग्यावर एक माड वाकलेला होता. मूळ मामाच्या बाजूला, शेंडा आमच्या बाजूला. नारळ आमच्या अंगणात पडत आणि मामाची माणसं येऊन उचलून नेत. त्यावरून कधीतरी शब्दाला शब्द वाढला आणि बहीणभावंडांत अबोला पडला. माझ्या कळत्या वयात त्या दोघांना एकमेकांशी बोलताना मी पाहिलंच नव्हतं. बाबा मुंबईला गोदीत कामाला, ते या भांडणातून सुटले. अडकलो त्या आम्ही दोघी बहिणी.

कारण अबोला असला तरी होडीत बसावंच लागे. मग आई माझ्याकडे बघून म्हणायची, "सांग तुझ्या मामाक, होडी जरा कडेक घी." मामा माझ्याकडे बघून म्हणायचा, "सांग तुझ्या आवशीक, माका होडी कशी घेवची ता कळता." दोघं हातभर अंतरावर आणि मी मध्ये. मला दोघांचाही मनस्वी राग यायचा, आणि आजही त्या आठवणीने थोडासा येतोच.

त्या वर्षी मी पाचवीची परीक्षा देऊन सहावीत जाणार होते. मे महिन्यात धाकटीच्या पाठीवर उष्णतेचे फोड आले. त्यावर आमच्याकडे एकच औषध, खाऱ्या पाण्याचं न्हाणं. समुद्रात तीनदा बुडायचं, शेवटचं न्हाणं ऊन कलल्यावर. त्या निमित्ताने आम्हा पोरींना दिवसभर वाळूत हुंदडायला मिळणार होतं, म्हणून फोड आल्याचं धाकटीला वाईटही वाटत नव्हतं.

मामाने आम्हाला सकाळी धाकट्या जुव्यावर नेऊन सोडलं. होडी वाळूला टेकल्यावर तो मला म्हणाला, "सांग आवशीक, दुपारी माका पलतडी वऱ्हाड न्हेवचा आसा. उशीर होतलो. थय तिसऱ्ये काढूक बायका इल्यात, तेंच्या होडयेत बसान परत जा म्हणान सांग."

"सांग तेका, माका शिकवू नको म्हणान," आई म्हणाली.

मामाने वल्ह्याने वाळूला रेटा दिला आणि तो गेला.

दिवस मजेत गेला. घावणे, सुकटाची चटणी, कैरीच्या फोडी. धाकटीने दोन न्हाणी उरकली. सकाळच्या ओहोटीला चिखलात तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या काढणाऱ्या बायका भरती भरल्यावर दुपार कलता कलता निघाल्या. त्यांच्यातली एक आईला म्हणाली, "येतंस गो आमच्यावांगडा? जागा आसा." आई म्हणाली, तिसरं न्हाणं व्हायचंय, आमची होडी येईल. न्हाणं खरंच व्हायचं होतं. पण मला आई पुरती ठाऊक होती. मामाने सुचवलेल्या होडीत ती मेली तरी बसली नसती.

ऊन कललं आणि धाकटी शेवटच्या न्हाण्याला उतरली. पाणी गुडघ्याइतकंच होतं. ती एकदम किंचाळली आणि पाण्यातच बसली. आईने तिला ओढून बाहेर काढलं. घोट्याच्या वर एक फाटका वार होता, भळाभळा रक्त येत होतं. वाळूखाली दडून बसलेल्या पाकटावर, एका चपट्या माशावर, तिचा पाय पडला होता. पाकट शेपटीच्या काट्याने मारतं आणि काट्याला विष असतं. आमच्याकडचे जाळं टाकणारे मोठे मोठे पागीही पाकटाचा काटा लागला की लहान पोरासारखे रडतात, हे मी पाहिलेलं होतं. धाकटी तर लहानच होती.

आईने पदर फाडून पाय बांधला. तिला उचलून आम्ही सुरूंमधून खाडीकडच्या अंगाला आलो. समोर आमचा जुवा, आमचे माड, आमचं घर. मध्ये खाडी. आईने तोंडाशी हात धरून कुकारो घातला. आमच्याकडे तारीला बोलवायची हीच रीत. "कूऽऽ" अशी लांब हाक घालायची आणि पलीकडून "ओऽऽ" आली की समजायचं, होडी सुटली.

ओ आली नाही. धक्क्याला होडीच नव्हती. वऱ्हाड घेऊन गेलेला मामा परतला नव्हता.

आई हाका घालत राहिली. धाकटीचा पाय गुडघ्यापर्यंत सुजला. आधी ती ओरडत होती, मग नुसती कण्हायला लागली, आणि ते जास्त वाईट होतं. तिचे ओठ पांढरे पडले होते. "आये गो, माका थंडी वाजता," ती म्हणाली. मे महिन्यात. आईने तिला माझ्या मांडीवर दिलं, लुगड्याचा काष्टा मारला आणि खाडीत उतरली. कमरेइतक्या पाण्यात गेल्यावर तिचे पाय सरकायला लागले. सुकती लागली होती, सगळं पाणी समुद्राकडे ओढत होतं. मी ओरडले, "आये, जाव नको!" ती तशीच मागे वळली. धाकटीचं डोकं माझ्या मांडीवर जड होत चाललं होतं.

सूर्य आमच्या मागे समुद्रात उतरला तेव्हा मामाची होडी दिसली. पलतडीवरून, म्हणजे खाडीपलीकडच्या मुख्य काठावरून, येऊन ती आमच्या जुव्याच्या धक्क्याला लागली. मामा उतरला. पलीकडे अजून उजेड होता, त्याचा पांढरा सदरा मला स्पष्ट दिसत होता. आमच्या बाजूला सुरूंची सावली पडून काळोखी आली होती. त्याला आम्ही दिसणं शक्य नव्हतं.

आईने जीव काढून कुकारो घातला. मामा थबकला. आमच्याकडे तोंड करून उभा राहिला. मला वाटलं, झालं, सुटलो.

मग तो वळला आणि होडी बांधायला लागला.

"दादा! अरे दादा!" आई ओरडली. माझ्या जन्मात मी तिच्या तोंडून तो शब्द ऐकला नव्हता. मामाचे हात थांबले. पण त्याने मान वर केली नाही. खाली बघतच त्याने दोरी घट्ट आवळली. आईने फाटक्या पदराचं पांढरं टोक वर धरून हलवलं, तर मामा दोन पावलं मागे सरला. धक्क्याजवळच्या घरातली बाई बाहेर आली होती. तिने अंगणातली पोरं आत घेतली आणि दार लावून घेतलं.

तेव्हा मला कळलं. आमच्याकडे तिन्हीसांजेला कुणी हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, माणसाची हाक आहे की आणखी कशाची, सांगता येत नाही. आणि हाक वाळूच्या जुव्यावरून आली तर दुसरीलाही नाही आणि तिसरीलाही नाही. तिथलं जे काही आहे ते आपल्या माणसाच्या आवाजात बोलावतं, गोड बोलावतं, आणि ओ दिली की होडीसकट नेतं. हे आम्हाला आईनेच शिकवलं होतं. आणि मामा उभा होता तिथे, त्याला काय ऐकू येत होतं? जी बहीण त्याच्याशी बोलत नाही, मेली तरी बोलणार नाही, ती काळोख्या जुव्यावरून "दादा" म्हणून हाक मारत होती.

आईलाही ते कळलं असणार. तिने वर धरलेला पदर खाली घेतला. मामा धक्क्याच्या पायऱ्या चढायला लागला. एक पायरी, दुसरी. धाकटी आता कण्हतही नव्हती. मी तिच्या नाकाशी हात धरून बसले होते, श्वास लागतोय की नाही ते बघत. "आये, मामा जाता. आये, कायतरी कर," मी रडत म्हटलं.

आईने कमरेवर हात ठेवले. वारा पडला होता.

"अरे मेल्या!" ती गरजली. "माझ्या माडाचे नारळ गिळतस आणि माका ओ देवक तुझी जीभ झडली? भूत दिसतंय मी तुका? तो माड माझ्या सासऱ्यान लायलेलो! तुझ्या बापाशीन बघलेलो! चोरा! चेडू मरता हय, होडी सोड! नायतर उद्या कोयतो घेवन येतंय आणि तो माड मुळासकट आडवो करतंय!"

मामा पायरीवर खिळला. मग गर्रकन वळला. आणि खाडीवरून त्याचा आवाज आला, माझ्या आठवणीत आईशी बोललेला त्याचा पहिला शब्द.

"माड माझो आसा गो!"

आणि तो धावला. दोरी सोडवत बसला नाही, कोयतीने तोडली. सुकतीला तिरपी धरत त्याने होडी अशी हाणली की पुढचं टोक पाण्यावर उचललं जात होतं. वल्हं मारता मारता तो ओरडत होता, "तिसरेवाल्यांची होडी वर ओढलेली बघलंय! म्हटलंय तुमी कधीच इलास! गडग्यावरसून इचारूचा तर इचारू कसा? तुझा तोंड कधी माझ्याकडे असता?"

"आणि तुझा खंय असता?" आई गुडघाभर पाण्यात उभी राहून ओरडत होती.

होडी टेकली. त्याने धाकटीचा पाय बघितला. त्याने तिला उचललं, आपला सदरा काढून तिच्यावर घातला. घराकडे न जाता त्याने सरळ पलतडी गाठली. तिथे वऱ्हाडाचा टेम्पो अजून उभा होता. त्यातून धाकटीला मालवणला दवाखान्यात नेलं. पायात काट्याचं टोक मोडून राहिलं होतं, ते डॉक्टरांनी काढलं. जरा आणखी उशीर झाला असता तर काय, ते त्यांनी सांगितलं नाही आणि आईने विचारलं नाही. धाकटी आजही त्या पायाने थोडी लंगडत चालते.

दवाखान्याच्या बाकावर आई आणि मामा शेजारी शेजारी बसले होते. धाकटीला झोप लागलीय असं कळल्यावर आई रडली, आणि रडून झाल्यावर म्हणाली, "सासऱ्यानच लायलेलो." मामा म्हणाला, "बापाशीन." मी भिंतीला टेकले आणि बसल्या जागी झोपले. आता मध्ये माझं काही काम नव्हतं.

अबोला संपला, भांडण संपलं नाही. पुढची सगळी वर्षं दोघं गडग्याच्या दोन बाजूंना उभं राहून त्या माडावरून भांडत. रोज, दिवेलागणीला, जेवणाआधी. एखाद्या दिवशी मामा दिसला नाही तर आई गडग्याशी जाऊन उगाचच बोलायची, "खंय गेलो चोर?" नारळ मात्र त्या दिवसापासून आमच्या अंगणात पडतील तिथेच राहत. आई त्यातले निम्मे उचलून गडग्यावर मांडून ठेवायची, आणि तरी भांडायची.

आता जुव्यावर पूल आहे. मामा गेला तेव्हा मी त्याच्या बाराव्याला त्यावरून गाडीने गेले. जेवणं आटोपल्यावर मामेभाऊ आईजवळ येऊन बसला. "आते, तो माड तुझो. आमका कायएक नको," तो म्हणाला. चांगल्या मनाने म्हणाला. आईने त्याच्याकडे असं बघितलं, जणू त्याने तिच्या हातातलं काहीतरी काढून घेतलं.

दिवे लागले तरी ती घरात आली नाही म्हणून मी बघायला गेले. ती गडग्याशी उभी होती, मामाच्या अंगणाकडे तोंड करून.

"माड माझो आसा रे, दादा," ती मोठ्याने म्हणाली.

पलीकडे कुणी नव्हतं. मी तिचा हात धरला. "आये, तिन्हीसांज झाली. आत चल."

"थांब गो," ती म्हणाली. "तो पयल्या हाकेक ओ देणा नाय."