बीजगणिताच्या तासाचे नियम

"वाच," मास्तर म्हणाले. "चौथी झाल्येस ना? मग मोठ्याने वाच. पोरांनाही ऐकू दे."

मी वर्गाच्या दारात उभी होते. अनवाणी. पदराचं टोक दातांत धरलेलं. फळ्याच्या एका बाजूला चौकट आखून बीजगणिताच्या तासाचे नियम लिहिले होते. पदर सोडल्याशिवाय वाचता येईना. सोडला.

तास सुरू होण्यापूर्वी जागेवर बसावे. घरची उदाहरणे शाईने, स्वच्छ लिहून आणावीत. न समजलेले त्याच दिवशी विचारावे.

शाळेत असताना मी अक्षरांवर बोट ठेवून वाचायची. इथे फळा लांब होता. ओठ आधी हलायचे, आवाज मागून यायचा. 'गैरहजर' शब्दावर अडकले. मागच्या बाकावरच्या एका मुलाने माझ्यासारखंच अडखळत तो शब्द म्हणून दाखवला. वर्ग हसला. मास्तरांनी कुणाला गप्प केलं नाही.

खिडकीशी मुलींचं एकच बाक होतं. त्यावर माझी मुलगी. ती हसली नाही. मान खाली घालून वहीत बघत राहिली. मला वाटलं, तिला माझी लाज वाटते आहे. माझी मला वाटत होतीच.

शेवटचा नियम असा होता. सबळ कारणाशिवाय लागोपाठ तीन दिवस गैरहजर राहणाऱ्याची नादारी बंद होईल. कारण पालकाने वर्गात समक्ष सांगावे.

नादारी म्हणजे गरिबाच्या मुलाला फी माफ. ती होती म्हणून मुलगी इंग्रजी पाचवीपर्यंत आली. हिचे वडील मुंबईला गिरणीत. त्यांच्या पगारात आमचं मीठमिरचीपुरतं भागायचं, तेवढंच.

"आता सांग," मास्तर म्हणाले. "तीन दिवस ही कुठे होती?"

मी पदर पुन्हा दातांत धरला.

कारण काय ते मला ठाऊक होतं. तीन दिवस ती मास्तरांच्याच घरी होती. मास्तर म्हणजे आमच्या खोतांचे धाकटे भाऊ. आमचं गाव शहराला लागूनच, डोंगराच्या पलीकडे. आम्ही खोतांची कुळं; वहाळाकडचा, म्हणजे ओढ्याकाठचा, त्यांचा मळा कसायचो. त्यांच्या घरी कार्य निघालं की प्रत्येक कुळाच्या घरातून एकाने वेठीला जायचं. राबायचं, मजुरी नाही. या खेपेला खोतांच्या मुलीचं लग्न होतं, म्हणून घरटी दोघं बोलावली. मला मागच्या पडवीत भात कांडायला बसवलं, मुलीला पुढच्या अंगणात. मी खोतीणबाईंना म्हटलं होतं, पोरीला शाळेत जाऊ द्या. त्या म्हणाल्या, "शाळा काय पळून जात्ये? लग्न एकदाच व्हायचं."

हे सगळं वर्गात सांगता आलं असतं. पण मला वाटलं, मास्तर शिकलेला माणूस. सकाळी कोट घालून निघतात, संध्याकाळी परत येतात. वेठीला कोण आलं, कोण गेलं, त्यांना काय कळणार. एवढ्या मुलांसमोर त्यांच्या घरचं नाव काढायचं, म्हणजे त्यांना खाली बघायला लावायचं. मी त्यांची अब्रू राखली. माझी घालवून.

"कारण नाही तर," ते म्हणाले. "या वेळी सोडतो. पुन्हा एक दिवस चुकला तर नादारी बंद. बीजगणित म्हणजे भात झोडणं नव्हे. एक दिवस गेला की पुढचं काही कळत नाही."

मग मुलीला बाकावर उभं राहायला सांगितलं. सगळा तास. मी घरी आले.

संध्याकाळी तिला भात वाढताना मी विचारलं, "माझी लाज वाटली ना गो बाय?"

"तुझी नाय," ती म्हणाली. तिने भात कालवला. मग म्हणाली, "आये, मास्तरांनी मला बघितलं व्हतं. मी अंगण सारवत व्हते. ते शाळेत जायला निघाले, माझ्याकडे बघून थांबले. म्हणाले, तुळशीकडचं नीट सारव, पोपडे सुटतात."

आणि गेले. जाऊन हजेरी घेतली असेल. तिचं नाव पुकारलं असेल, ओ येते का म्हणून थांबलेही असतील. मग पुढचं नाव.

तोवर मला लाज होती ती अडखळल्याची. ही दुसरी होती. या माणसाची अब्रू सांभाळत मी दारात उभी होते, आणि तो मला नियम वाचायला लावत होता.

माझी शाळाही अशीच गेली. कुणी काढून टाकलं नाही. आज वेठ, उद्या वेठ, मग पावसाळा, मग पुन्हा वेठ. एक दिवस पाटी फुटली ती नवी आणली नाही. मी इतकी वर्षं समजत होते की मलाच अभ्यास झेपला नाही.

चारपाच दिवसांनी खोतांचा गडी आला. सत्यनारायण आहे, उद्या दोघी या, म्हणाला. मी हो म्हटलं नाही. हातातलं काम टाकलं आणि त्याच्या मागोमाग गेले. मागच्या दारी नाही. पुढच्या.

खोत ओटीवर सुपारी कातरत होते. मास्तर झोपाळ्यावर.

"आज पुढल्या दारी?" खोत हसले. "वाट चुकलीस काय गो?"

मोठ्याने बोलायची सवय नाही. घरातही नाही. मी मास्तरांकडे बघितलं.

"कारण समक्ष सांगायचं असतं ना," मी म्हटलं. "सांगायला आल्ये. माझी पोरगी तीन दिवस तुमचं अंगण सारवत व्हती. तुम्ही बघितलंत."

मास्तरांनी पायाने झोपाळा थांबवला. "घरातलं आणि शाळेतलं एक करू नकोस," ते म्हणाले. शांतपणे. वर्गात बोलले तसेच.

"मग घरातलं बंद. उद्या आम्ही दोघीही येणार नाय."

खोतांनी अडकित्ता खाली ठेवला. "आणि वहाळाकडचा मळा?"

"तुमचाच आहे. घ्या."

मी एवढंच बोलले. जास्त बोलता आलं नाही. घरी येऊन चूल पेटवली.

मळा गेला. पेरणीच्या आधीच दुसऱ्या कुळाला दिला. सहामाहीनंतर नादारीही गेली. शाळेने कारण लिहिलं, वर्तन. शिमग्याला हे मुंबईहून आले, दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी कोयता घेऊन माझ्याबरोबर लाकडं तोडायला आले. आता मी शहरात मोळी विकते, त्यातून फी जाते. मुलगी आता सहावीत, पण त्याच मास्तरांच्या तासाला बसते. ते तिला प्रश्न विचारत नाहीत. ती न विचारता उत्तर देते. त्याबद्दल तिला दोनदा वर्गाबाहेर काढलं.

वाडीतल्या बायका मला टाळतात. त्यांची मुलं अजून जातात. परवा खोतांकडे आमसुलांचं काम होतं. तिसरीतली एक पोर दिवसभर रातांबे फोडत बसली. संध्याकाळी विहिरीवर तिचे हात बघितले. लालभडक. तिची आई म्हणाली, काय करायचं, बोलावणं आलं. मी काही बोलले नाही. पुन्हा तेच. तोंड मिटून उभी राहिले, घागर भरली आणि आले.

हे लिहिताना त्याची लाज वाटते. वर्गातल्या हसण्यापेक्षा जास्त.

मला चांगलं बोलता येत नाही. तरी उद्या सकाळी वाडीच्या वरच्या घरापासून सुरू करणार. आत बोलावलं नाही तर अंगणातून सांगेन, पोरांना वेठीला धाडू नका. मळा जाईल, हेही सांगेन. खोटं सांगणार नाही. कुणी दार लावून घेतलं तर पुढच्या दारी जाईन.