धोंड्याच्या महिन्यातले झिंगे

आमच्या घरमालकीण काकूंच्या नाकाचं काय सांगावं! तीन भिंतींपलीकडं कुणी लसूण सोलला तरी त्यांना कळायचं. स्वतःच्या मोरीचा वास मात्र त्या नाकाला कधी आला नाही.

श्रीगोंद्याला मी शाळेत शिक्षिका होते. नवरा एसटीत कंडक्टर, दुसऱ्या डेपोला, सुट्टीला तेवढा यायचा. काकूंच्या घरामागची एक खोली आम्ही भाड्यानं घेतली होती. ती मिळण्याआधी ज्या ज्या घरी गेलो, तिथली खोली आमचं आडनाव ऐकलं की पाहुण्यांसाठी राखून ठेवलेली निघायची. त्या गावात एवढे पाहुणे यायचे तरी कुठून, कुणास ठाऊक. काकूंनी जात विचारली नाही हो. छे, सुधारलेली माणसं ती! आडनाव विचारलं, गाव विचारलं, गावात घर कोणत्या बाजूला ते विचारलं आणि मग म्हणाल्या, "आमच्यात तसलं काही पाळत नाहीत. फक्त वासाचं काही शिजवायचं नाही. कधी केलंच तर खिडकी लावून."

पहिलं बाळंतपण माहेरी करतात. पण माझं माहेर म्हणजे मिरजगावच्या पुढची एक वस्ती, तिथं ना दवाखाना, ना धड रस्ता. म्हणून सातव्या महिन्यात माहेरच माझ्याकडं आलं, म्हणजे माझी आई आली. येताना बाजरीचं पीठ आणि फडक्यात बांधलेली सुकट घेऊन आली. मला डोहाळेही लागले होते ते सुकटीचेच. लोकांना आंबे लागतात, चिंचा लागतात, मला वाळलेले झिंगे लागले, त्याला मी काय करू?

आईनं खिडकी लावली, फटीत जुनं लुगडं कोंबलं आणि सुकट तव्यावर भाजली. कांदा, लाल तिखट, शेंगदाण्याचं कूट आणि गरम भाकरी. आत आम्ही दोघी घामानं निथळत होतो, पण पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांत पाणी आलं. दुसरा घास तोंडात जायच्या आत काकू दारात हजर, नाकावर पदर. आमच्या डोक्यावरून त्यांनी ताटात पाहिलं आणि निघून गेल्या. मग अंगणात पाणी शिंपडलं, धूप जाळला. सकाळी मी शाळेला निघाले तर फाटकात उभ्या. "बाई, महिनाअखेर खोली रिकामी करा. आमच्या घरात देवधर्म आहे."

"काकू, सातवा चाललाय. निदान बाळंत होईपर्यंत तरी…"

"म्हणून तर आधी सांगितलं. बघा कुठं तरी."

कुठं तरी! एवढं पोट घेऊन मी परत दारोदार आडनाव सांगत फिरायचं आणि त्या गावभरच्या पाहुण्यांची चौकशी करायची. त्या दिवशी वर्गात मी पोरांना विनाकारण ओरडले. बाळ जन्माला आल्यावर त्याला घेऊन कुठल्या दारी जायचं, हे एकच डोक्यात फिरत होतं.

आणि त्याच आठवड्यात लागला अधिक महिना. काकूंच्या लेकीचं लग्न झाल्यापासूनचा पहिलाच, म्हणजे जावयाला धोंडे जेवण आलं. जावईबापू मुंबईच्या मोठ्या हॉटेलात होते. हॉटेलात म्हणजे हिशेबाच्या टेबलावर, पण बोलणं असं की यांनी हात लावल्याशिवाय तिथली कढई तापत नसावी. त्यांचा आधीच फोन आला, की ते पुरणाचे धोंडे वगैरे गोड नको, येताना मी प्रॉन्स आणतो, खोबऱ्यात घोळून क्रिस्पी तळायचे आणि सोबत डिपिंग सॉस.

काकूंची पंचाईत झाली. अधिक महिन्यात जावई म्हणजे साक्षात विष्णू. आता विष्णूच झिंगे मागायला लागला तर माणसानं करायचं काय? नाही म्हणावं तर जावई रुसतो, हो म्हणावं तर स्वयंपाकघरात देव्हारा.

काकू आमच्या दारात आल्या. आवाज असा गोड, की मुंग्या लागाव्यात. "बाई, तुम्हाला येतच असेल ना असलं काही? तुमच्यात असतंच की. तुमच्याच खोलीत केलं तर बरं पडेल, आमच्या चुलीला नको."

मी म्हटलं, "काकू, मी खोली सोडतेय ना महिनाअखेर? वासामुळं?"

"अगं बाई, कोण हाकलतंय तुम्हाला? राहा की बाळंत होईपर्यंत. एवढं तेवढं चालायचंच."

त्या पाठमोऱ्या झाल्या न झाल्या तोच आई म्हणाली, "कोन हाकलतंय म्हनं! लाज कशी न्हाई वाटत?"

मला किळस आली. झिंग्यांची नाही, त्या बाईची आली. पण खोली हवी होती, म्हणून मी हो म्हटलं.

जावईबापू मोटारीतून उतरले ते थर्माकोलचं खोकं घेऊन. बर्फ वाटेतच वितळून गेला होता, खोकं गळत होतं. काकूंनी ते उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही, सरळ आमच्या पायरीवर ठेवायला लावलं. आईनं झाकण काढून आत पाहिलं. "आगं, ही तर सुकटच की. भिजून फुगल्याली."

आम्ही साली काढल्या, शेपट्या तेवढ्या ठेवल्या, पाठीतला काळा दोरा ओढून काढला. मीठ, लिंबू, तिखट, वाटलेला लसूण लावला. अंडी काकूंच्या लेकीनं पदराखाली लपवून आणली, जणू चोरीचं सोनं. ओला नारळ घरात दुसरा नव्हता. सकाळी जावयाला टॉवेल-टोपीवर ठेवून दिलेलं श्रीफळ होतं, तेच फोडा म्हणाले विष्णू. मानाच्या नारळाचं असं सोनं झालेलं मी परत कधी पाहिलं नाही.

पहिला घाणा फसला. ओलं खोबरं तेलात सुटून काळं झालं आणि झिंगे उघडे पडले. जावईबापू दारात नाकाला रुमाल लावून उभे. "टेम्परेचर, बाई, टेम्परेचर!" हॉटेलात हिशेब करता करता एवढा एक शब्द शिकले असावेत. मी खोबरं फडक्यात पिळलं, तव्यावर कोरडं केलं, त्यात रवा मिसळला. झिंगे आधी तांदळाच्या पिठात, मग अंड्यात, मग खोबऱ्यात दाबून घोळले आणि मंद आचेवर सोडले. आता मात्र तांबूस, कुरकुरीत उतरले. खरं सांगते, दिसायला सुंदर होते. सॉस म्हणजे साखरेचा पाक, त्यात ठेचलेली लाल मिरची, लसूण आणि लिंबू. आईनं बोट बुडवून चाटलं. "ही गुळवनीच हाय. मिरची पडल्याली."

ताटावर फडकं झाकून मीच मागच्या पडवीत नेलं. काकू म्हणाल्या, "मला अधिकात चालत नाही. मीठ कमीजास्त नको, म्हणून चव तेवढी बघते." चव बघितली. मग मिठाची खात्री होईना, म्हणून परत बघितली. सॉसमध्ये बुडवून बघितली. जावयानं मागितल्यावर मी दुसरा घाणा आणला, त्याचंही मीठ काकूंनीच तपासलं.

आम्ही खोलीत कढई खाली उतरवत होतो, तेवढ्यात शेजारीणबाईंचा आवाज कंपाउंडवरून आला. "अहो, अधिकात कसला हो वास सुटलाय?"

आणि काकूंचा आवाज, अगदी खणखणीत. "भाडेकरू हो, दुसरं कोण! त्यांचं खाणंच तसलं. काय करता? बाई पोटुशी आहे म्हणून ठेवून घेतलंय. आमचं मेलं मन मऊ."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. झारा हातात तसाच, मी उठलेच. त्या झाऱ्यानिशी पडवीत जाऊन जावयाचं ताट साऱ्या गल्लीला दाखवणार होते. आईनं मनगट धरलं. "बस खाली. बोलू दे तिला. चांगलं मोठ्यानं बोलू दे."

मला आईचाही राग आला. जन्मभर असं गप्प बसूनच आपण इथवर आलो का, असं तिला तोडून बोलले. ती कढईतलं तेल गाळत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, जावई चहा पीत असताना, आईनं खिडकीची दोन्ही दारं सताड उघडली. फटीतलं लुगडं काढून झटकलं, घडी घातली आणि तवा ठेवला. उरलीसुरली सगळी सुकट तिनं तव्यावर ओतली. गल्लीच्या टोकापर्यंत वास गेला असेल.

काकू धावत आल्या. नाकावर पदर घ्यायलाही विसरल्या. "आजी, हे काय? खिडकी लावा आधी!"

आई तव्यावरची सुकट हलवत म्हणाली, "कशाला? काल तुमीच सांगितलं न्हवं समद्यांला, आमचं खानंच असलं हाय. आता ठावं झालंय गल्लीला. मग चोरून कुनासाठी खायाचं?"

"अहो पण अधिक महिना…"

"व्हय की. अधिक महिना कालबी हुताच." आईनं मान वळवली. कंपाउंडपलीकडं शेजारीणबाई कपडे वाळत घालत होत्या. "का त्यास्नी सांगू, काल कुनाच्या ताटात काय हुतं त्ये?"

काकूंचा चेहरा असा उतरला म्हणता! "हळू बोला हो आजी," एवढंच म्हणाल्या. मग शेजारीणबाईंकडं बघून कसंनुसं हसल्या आणि आत गेल्या.

महिनाअखेर आली तशी गेली, खोलीचं नाव कुणी काढलं नाही. मला मुलगी झाली. तिला घेऊन मी त्याच खोलीत आले. बाळंतिणीला चालत नाही म्हणून मला नाही, पण स्वतःसाठी आईनं त्या दिवशी बाजारातून नवी सुकट आणून भाजली. आमची खिडकी उघडीच होती. काकूंनी त्यांची लावून घेतली.