तळ्यावरची सिमेंटची बाई

आमच्या तळ्यावर आता सिमेंटची एक बाई कपडे धुते. हिरवं लुगडं, लाल चोळी, कमरेत वाकलेली, एक हात वर उगारलेला आणि हातात कपड्याचा पिळा. ऊन असो, पाऊस असो, तो हात काही खाली येत नाही. गाड्यांतून उतरलेली माणसं तिच्या शेजारी उभी राहतात, तिच्यासारखाच हात वर करतात, फोटो काढतात आणि हसत हसत बोटीच्या रांगेला लागतात. मला ती बाई दिसली की तळपायाची आग मस्तकात जाते. घरातले म्हणतात, सिमेंटवर कसला राग काढतेस. सिमेंटवर नाहीच. ती ज्या दगडावर वाकलीय तो दगड माझ्या आईचा आहे.

आईचा म्हणजे कागदोपत्री नव्हे. लग्न होऊन ती या गावात आली तेव्हापासून त्याच दगडावर तिनं धुणं धुतलं. काळा, पसरट, मधे थोडा खोलगट झालेला दगड. आईच्या आधी माझ्या आजीनं तो झिजवला होता. तळ्याचं सुशोभीकरण करणाऱ्यांना तो आवडला. त्यांनी तो मशीन लावून उचलला, चार पावलं सरकवला, सिमेंटनं पक्का केला आणि त्यावर सिमेंटची बाई वाकवली. अस्सल वाटावं म्हणून.

आमचं गाव म्हणायला शहर आहे. नळदुर्गचा किल्ला बघून तुळजापूरला निघालेल्या गाड्या पूर्वी इथं फक्त चहाला थांबायच्या. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की गावाला तळं आहे. निधी आला. काठाला जाळी लागली, पेव्हर ब्लॉक बसले, बदकाच्या तोंडाच्या बोटी आल्या. फोटो काढायला गावाच्या नावाची माणसाएवढी अक्षरं उभी राहिली, शेजारी लाल बदाम. कोपऱ्यात 'ग्रामीण जीवन' मांडलं: सिमेंटची बैलजोडी, सिमेंटचा वासुदेव, सिमेंटची पाणी भरणारी पोरगी आणि आमची ही बाई. तिच्यापासून हाताच्या अंतरावर पाटी लावली: येथे कपडे धुण्यास सक्त मनाई आहे. पाटी रंगवणाऱ्याला हसू कसं आलं नाही, हे मला अजून कळलेलं नाही.

धुण्याचा सोडा पाण्यात जातो, हे मलाही कळतं. मी मास्तरीण आहे, शाळेत मीच ते शिकवते. कुणी म्हटलं असतं, बायांनो, काठाच्या अलीकडं तुम्हाला वेगळं टाकं बांधून देतो, तिथं धुवा, तर एकीनंही कुरकुर केली नसती. पण टाकं बांधायला निधी नव्हता, वासुदेवाला होता. आणि काठावरच्या नव्या हॉटेलांचं खरकटं पाणी पाइपातून तळ्यात पडतं, तिथं कसलीच पाटी नाही.

रोजचं धुणं बायांनी कसंबसं घरी आणलं. नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं, त्यातच भागवलं. अडलं ते दसऱ्याला.

आमच्याकडं घट बसायच्या आधी दसरा काढतात. म्हणजे घरातली एकूण एक चिंधी धुवायची, डबे घासायचे, भिंती पुसायच्या. त्यात सगळ्यात मोठं काम वाकळांचं. जुन्या लुगड्यांच्या थरांवर थर घालून शिवलेली आमची गोधडी, तिला आम्ही वाकळ म्हणतो. ती भिजली की दोन माणसांना उचलत नाही. सोड्यात भिजवायची, दगडावर पायानं तुडवायची आणि मग वाहत्या, नाहीतर भरपूर पाण्यात खळबळून काढायची. शेवटी दोघींनी दोन टोकं धरायची, एकीनं इकडं आणि दुसरीनं तिकडं पीळ द्यायचा. आईच्या वाकळेचं दुसरं टोक कायम शेजारच्या चाचींच्या हातात असायचं. चाची काही दसरा काढत नाहीत, पण आई निघाली की त्यांच्याही रजया निघायच्या. ईदच्या आधी त्या निघाल्या की आई पदर खोचून मागं जायची.

गेल्या वर्षी मी हौसेनं कपडे धुण्याचं मशीन घेतलं होतं. यंदा दसरा काढताना त्यात वाकळ कोंबली तर मशीन थरथरत मोरीतून बाहेर चालायला लागलं आणि मधेच बंद पडलं. आई लांब उभी राहून बघत होती.

"म्या म्हणलंच व्हतं, त्याला झेपायचं न्हाय," ती म्हणाली.

घट बसायला थोडेच दिवस राहिले तशी ती बेचैन झाली. जेवताना, उठता-बसता एकच.

"पारोशा घरात देवी कशी बसवू?"

मी म्हटलं, आई, देवी समजून घेईल. पण सासरी आल्यापासून तिनं एकदाही न धुतलेल्या घरात घट बसवला नव्हता. गुडघे गेले, डोळ्यांना कमी दिसायला लागलं, पण हे एक तिनं सोडलं नव्हतं. तेच कुणीतरी जाळी मारून हिसकावत होतं. माझं डोकं फिरलं. सुट्टीच्या दिवशी मी वाकळांची गाठोडी बांधली, चाचींना हाक मारली आणि आम्ही तिघी तळ्यावर निघालो.

फाटकावर आमच्याच गल्लीतला जावई खाकी घालून बसलेला. त्याच्या लेकराच्या बारशाला आईनं दुपटं शिवलेलं.

"मावशी, आत न्हाय सोडता येत. मला नोकरी हाय," तो खाली बघत म्हणाला.

"तिकीट काढलं तर?" मी विचारलं.

तिकिटावर गाठोडी आणू नये असं कुठं लिहिलेलं नव्हतं. मी तिघींची तिकिटं काढली. आपल्याच तळ्यात शिरायला तिकीट काढताना मी पैसे खिडकीवर आपटले.

आई सरळ दगडापाशी गेली. सिमेंटच्या बाईला तिनं एकदा वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि तिच्या पायाशी उरलेल्या जागेत पहिली वाकळ पसरली. सोडा पडला, फेस आला, आई आणि चाची तुडवायला लागल्या. मी बोटीच्या धक्क्यावरून बादलीनं पाणी आणून देत होते. बघता बघता भोवती गर्दी झाली. मोबाइल वर झाले. गॉगलवाली एक मुलगी म्हणाली, "आजी, जरा इकडं बघा ना, हात वर करा, तिच्यासारखा!" दुसरा कुणी बायकोला सांगत होता, "बघ, इथं जिवंत देखावापण ठेवलाय." आई कामात होती, तिला ऐकू गेलं नसावं. मला गेलं. मी त्याला म्हटलं, देखावा तुमच्या घरी. तो हसला. त्याला तोही देखाव्याचाच भाग वाटला.

तेवढ्यात ठेकेदाराचा मॅनेजर आला. मी भांडायच्या तयारीतच होते, पण तो चिडलेला नव्हता. गर्दी बघून त्याचे डोळे चमकले होते. तो आईजवळ येऊन उभा राहिला.

"आज्जी, दर शनिवार-रविवार याल का? नऊवारी आम्ही देऊ, मानधन देऊ. पाव्हण्यांना लई आवडतंय. फक्त असल्या मळक्या वाकळा नकोत. स्वच्छ कपडे आणायचे. आणि सोडा नको, पाणी खराब होतं."

आईनं तुडवायचं थांबवलं.

"स्वच्छ कपडे मंग धुयाचे कशाला?"

"धुवायचे नाहीत हो. धुतल्यासारखं करायचं."

मग तो चाचींकडं वळला. "तुम्हीबी या, फक्त कुंकू लावा मोठं. फोटोत बरं दिसतं."

चाचींनी कमरेवर हात ठेवला. "कुंकू लगाए तो मैल ज्यादा निकलता क्या रे?"

आई अजून त्याच्याकडंच बघत होती. मग तिनं मान वर करून सिमेंटच्या बाईकडं बोट दाखवलं.

"धुतल्यासारखं कराया ही हाय की तुमची. हिला पगारबी लागत न्हाय."

लोक हसले. त्या हसण्यानं मॅनेजरचा चेहरा उतरला आणि मग तो खऱ्या भाषेत बोलायला लागला. पाटी दिसत नाही का, पाणी घाण करता, दंड लावीन, पोलिसांना बोलावीन. त्यानं फाटकावरच्या जावयाला हाक मारली आणि आम्हाला बाहेर काढायला सांगितलं. वाकळा तशाच फेसानं भरलेल्या.

"एकडाव खळबळून घिऊ दे, बाबा," आई म्हणाली. "सोड्याच्या वाकळा घरी कशा नेऊ? घरी पाणी न्हाय."

तळं समोर होतं. काठोकाठ. त्यात बदकांच्या बोटींत बसून माणसं पाय मारत होती. आणि माझी आई, जिनं आयुष्यात कुणापुढं हात पसरला नाही, ती एका परक्या पोराला त्याच पाण्यात वाकळ बुडवायची परवानगी मागत होती. मी ओरडले. काय ओरडले ते आता आठवत नाही, शाळेत मुलांना जे बोलू नका म्हणते त्यातलंच होतं. उपयोग झाला नाही. जावयानं मान खाली घालून सगळ्यात जड वाकळ उचलली आणि फेस गाळत आमच्यापुढं चालायला लागला.

घरच्या पाण्यात त्या निघाल्या नाहीत. वाळल्या तेव्हा पुठ्ठ्यासारख्या ताठ झाल्या होत्या, त्यांवर सोड्याचे पांढरे ओघळ. आईनं घट बसवला, पण हात जोडताना तिच्या तोंडावरची कळा मी बघितली. वाकळा तिनं माळ्यावर टाकल्या. दसऱ्यापर्यंत फरशीवर सतरंजी टाकून झोपली. मी चिडले, गादी तरी घे म्हटलं, तर म्हणाली, "माझं मलाच पारोसं वाटतंय."

दिवाळीनंतर तिला दवाखान्यात न्यायचं होतं. रिक्षा तळ्यावरून गेली. फाटकावर नवा मोठा फलक लागलेला: 'अस्सल ग्रामीण जीवनाचा अनुभव घ्या'. खाली आमचं तळं, दगड, आणि वाकळ तुडवणारी माझी आई. पदर खोचलेला, गुडघ्यापर्यंत फेस. त्या दिवशी कुणीतरी काढलेला फोटो. सिमेंटची बाई त्यातून कापून टाकली होती. बाजूच्या खांबावर सक्त मनाईची पाटी होती तशीच होती.

मी रिक्षा थांबवली. खाली उतरून तो फलक फाडायचाच, असं मनात होतं. आईनं माझं मनगट धरलं. तिला लांबचं नीट दिसत नाही, तरी ती पुढं वाकून बराच वेळ बघत राहिली.

"म्याच हाय व्हय?"

"हो, आई."

"ह्यातबी वाकळ सोड्याचीच हाय बघ," ती म्हणाली. "खळबळायची ऱ्हायली."